कडी शेषानं सोडली नव्हती

त्या दिवशी सकाळी माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि ते मला माहीत होतं.

एवढंच वाक्य. पण जवळजवळ वर्षभर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो. डॉक्टरांनी विचारलं तर भलताच महिना सांगितला. आणि माझा चुलतभाऊ शेषा, ज्याला ते सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं, त्याच्यासमोर बसून चहा पीत राहिलो, त्याच्याच मोटरसायकलवर मागं बसून दवाखान्याला जात राहिलो.

मी कुरुंद्याजवळच्या एका गावचा. घरची हळद आहे, ट्रॅक्टरला जोडून न्यायचा, हळद शिजवायचा कुकर आहे. वय पन्नाशीच्या अलीकडंपलीकडं. लिहायची सवय नाही. खरं तर बोलायचीही नाही. वसमतला मला व्यायाम शिकवणाऱ्या राठोड मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या खांद्याचं लिहून काढा. लोक वर्ष वर्ष मान दाखवत फिरतात आणि फाटलेला असतो खांदा." म्हणून खांद्याचंच लिहायला घेतलं होतं. एक पान झालं आणि लक्षात आलं, त्या दिवसाला वळसा घालून हे लिहिता येत नाही. पान फाडलं आणि वरच्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं.

मानेचं दुखणं

दिवाळी नुकतीच झाली होती. कुकर वेल्डिंगला न्यायचा होता. ट्रॅक्टरच्या हुकात त्याची दांडी बसेना, म्हणून मी एकट्यानंच ती उचलून हिसका दिला. खांद्यात जुनं धोतर फाटावं तसं काहीतरी झालं. आवाज बाहेर आला की मला नुसता आतून ऐकू आला, ते आजही सांगता येत नाही. घाम फुटला. थोडा वेळ टायरला टेकून बसलो आणि मग डाव्या हातानं दांडी बसवली.

काही दिवस हात हलवता येईना. मग यायला लागला. आधी छातीपर्यंत, मग डोळ्यापर्यंत. मला वाटलं, लचक होती, गेली. पण हात बरा होत गेला तशी मान दुखायला लागली. उजवीकडची, कानाखालची. संध्याकाळपर्यंत ती चऱ्हाटासारखी ताठ व्हायची. मला कळेना, हिसका बसला खांद्याला आणि दुखते मान, हा काय प्रकार?

मग सगळे करतात ते केलं. तेल लावलं, विटकरीनं शेकलं, गळ्याला पट्टा बांधला. एका ठिकाणी मानेचा फोटो काढला, त्यात मणक्याची झीज निघाली. या वयात कुणाची निघत नाही? पण झीज निघाली म्हटल्यावर मला बरंच वाटलं. दुखण्याला नाव मिळालं. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं, ते मी सांगितलंच नाही. मानेच्या दुखण्यात ते कुठं बसवायचं, हे मला समजत नव्हतं.

कमलनं, माझ्या बायकोनं, ते आधी पाहिलं. मी सदरा घालत होतो.

"आवो, हात वर चाललाय का मुंडकं खाली येऊन राहिलंय?"

"काय झालं?"

"काही न्हाई. कोंबडी पंखात तोंड खुपसती तसं दिसून राहिलंय."

मी हसलो, तीही हसली. पण तिनं बरोबर पाहिलं होतं. हात वर जायचा, पण तो एकटा जायचा नाही. खांदा कानाला चिकटायचा, कंबर डावीकडं कलायची, मान खाली यायची आणि सगळ्यांनी मिळून त्याला वर नेलेलं असायचं. पाण्याचा पेला मी डाव्या हातात घ्यायला लागलो होतो. टोपीही डाव्या हातानं. कधीपासून, आठवत नाही. मी ठरवून केलं नव्हतं. ते होत गेलं.

ड्रम

हळदीचा कुकर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, बाजूला मोठे ड्रम. ड्रममध्ये ओली हळद भरायची, वर ओला बारदाना टाकायचा आणि टाकीतली वाफ आत सोडायची. शिजली की ड्रमला अडवून धरणारी खिटी काढायची. मग ड्रम आसावर फिरतो आणि तोंड खाली करतो. भरलेला ड्रम एकदम पालथा होऊ द्यायचा नसतो, कारण तळाला उकळतं पाणी साचलेलं असतं. दोघांनी दोन बाजूंच्या कड्या धरून त्याला आवरत आवरत ओतायचं. एकानं ढील दिली की दुसऱ्याला तो आवरत नाही.

शेषा माझ्याहून लहान. हळद शिजली का, हे आमच्या गावात त्याला विचारायचे. बाकीचे काडी टोचून बघतात. शेषा वाफेचा वास घेऊन सांगायचा, आणि मग काडी टोचली तर ती आरपार जायची. पण माणूस घाईचा. लहानपणी आमराईत तो कच्चेच आंबे पाडायचा, तेव्हा मीच त्याचं नाव 'घाई' पाडलं होतं. ते गावाला पाठ झालं.

आमच्याकडं वारंगुळा असतो, कुणी त्याला सावड म्हणतं. आज तुमी आमच्या हळदीला, उद्या आमी तुमच्या हळदीला. दिवसाला दिवस फेडायचा. त्या वर्षी माझी हळद आधी आणि त्याची नंतर, असं ठरलं होतं.

त्या सकाळी खुंटीवरचा सदरा काढायला हात वर नेला आणि तो अर्ध्यातून परत आला. पुन्हा नेला. मान आली, कंबर आली, तरी नाही. आदल्या दिवशी दिवसभर कड्या धरल्या होत्या, बाकीचे स्नायूही थकले असतील, असं मी आज म्हणतो. तेव्हा मला एवढंच कळलं की हा हात आज आपला नाही. सदरा डाव्या हातानं काढला आणि खळ्यावर गेलो.

पहिला ड्रम ओततानाच कडी हातातून सरकली. मी पोट आणि मांडी लावून ड्रम थोपवला. चटका बसला, दाखवला नाही.

पलीकडून शेषा म्हणाला, "दादा, धरलं न बराबर?"

"तू तुझं बघ, घाई," मी म्हणालो. बायामाणसं हसली.

तिथं थांबायला पाहिजे होतं. माझ्या जागी दुसरा गडी उभा करायचा, एवढंच. खळ्यावर माणसं होती. का केलं नाही, याचा मी फार विचार केलाय. कुकर माझा, हळद माझी, सगळ्यांसमोर 'हात चालत नाही' कोण म्हणणार? हे कारण खरं आहे, पण पुरेसं वाटत नाही. दुसरं सापडतही नाही.

दुसऱ्या ड्रमची खिटी निघाली. कडी माझ्या हातात होती, आणि मग नव्हती. ड्रम गरकन फिरला. शेषा त्याच्या बाजूची कडी धरूनच होता, म्हणून जागचा हलला नाही, आणि तळाचं पाणी त्याच्या डाव्या पायावर आलं. पायात रबरी चप्पल होती.

तो ओरडला नाही. "आई गं" म्हणाला आणि खाली बसला. कुणी गार पाण्याचं घमेलं आणलं, कुणी टूथपेस्ट आणायला पळालं. वाफेत कुणाला काही दिसलं नव्हतं. एक म्हातारा गडी म्हणाला, "ह्या शेषाची घाई एक दिस कुणाचा तरी जीव घेईल."

पाण्यात पाय धरून शेषा म्हणाला, "चुकलं बा माझं. लवकर सोडलं म्या."

मी तिथंच उभा होतो. उजवा हात डाव्या हातात धरून.

नांदेड

शेषाचा पाय पावसाळ्यापर्यंत भरला. कातडी आवळून आली, तो पाऊल बाहेरच्या कडेवर टाकून चालायला लागला. त्याची हळद त्या वर्षी दुसऱ्याच्या कुकरवर, भाड्यानं शिजली. तो खळ्यावर गेलाच नाही.

माझा हात मात्र उतरत गेला. पोळा झाल्यावर तर भांगही पाडता येईना. कमल मागं लागली. आणि शेषाच म्हणाला, "चल दादा, नांदेडला दावू. मी नेतो."

डॉक्टर मोजकं बोलणारे. "कधीपासून दुखतंय?"

शेषा बाजूच्या खुर्चीवर बसला होता.

"पोळ्यापासून," मी म्हणालो. "बैल आवरताना हिसका बसला."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. माझा हात धरून बाजूनं वर नेला, खांद्याच्या रेषेत आणला. "आता मी सोडतो. तुम्ही धरून ठेवा आणि हळूहळू खाली आणा."

त्यांनी सोडला. हात धपकन मांडीवर पडला.

मी हाताकडं बघत राहिलो. शेषा खुर्चीतून अर्धा उठला होता. "पुन्हा करू," डॉक्टर म्हणाले. पुन्हा पडला. धरायचं म्हणजे कुठून धरायचं, हेच मला सापडत नव्हतं. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं.

"पण डॉक्टर, वर तर जातो," मी म्हणालो, आणि खांदा कानाला लावून, कलून, हात वर नेऊन दाखवला.

"जातो ना," ते म्हणाले. "सगळं अंग लावून नेताय तुम्ही."

मग एमआरआय, तो नळकांड्यातला तपास, झाला. आत मळणीयंत्रासारखा आवाज. हलायचं नाही. मी डोळे मिटले तर ड्रम फिरताना दिसला, उघडले तर पांढरं छत नाकाशी.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवायला चार लहान स्नायू असतात. त्यातला वरचा तुटला होता, मागचा अर्धा फाटला होता. तुटलेलं टोक आत ओढलं गेलं होतं, स्नायू सुकून त्यात चरबी भरायला लागली होती.

"हे पोळ्यापासूनचं नाही," डॉक्टर म्हणाले. "जुनं आहे."

"किती जुनं?" हे शेषानं विचारलं.

"नेमकं नाही सांगता येत. वर्ष धरा. एक तुटला की बाकीचे त्याचं काम ओढतात. मानेचा, पाठीचा, दंडावरचा मोठा. हात चालत राहतो. पुष्कळदा पेशंटला कळतही नाही."

मी फरशीकडं बघत होतो.

बाहेर टपरीवर शेषानं दोन चहा घेतले. एक माझ्या डाव्या हातात दिला. मग म्हणाला, "म्हंजे दादा, त्या टायमाला बी तुझा हात फाटकाच व्हता."

मी कप खाली ठेवला.

"आन तुला पत्ताच न्हाई! डॉक्टर म्हनला न, कळतच न्हाई म्हून."

तिथं दार उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता.

"व्हय," मी म्हणालो.

"बघ की," तो म्हणाला. "तू फाटक्या हातानं धरून व्हतास, आन म्या धडधाकट हातानं सोडलं."

आणि चहाचे पैसे द्यायला लंगडत गेला.

झोळी

ऑपरेशन झालं, जेवढं जुळलं तेवढं शिवलं. एक टोक मागं गेलेलं, ते आलंच नाही. ऑपरेशनआधी मानेपाशी सुई देऊन हात बधिर केला होता. शुद्धीवर आलो तर माझ्या छातीवर कुणाचा तरी हात ठेवलेला. जड, कोमट. मी डाव्या हातानं तो बाजूला सारायला गेलो, तर नर्स ओरडल्या, "आजोबा, तुमचाच आहे तो!" एक तर आजोबा म्हटल्याचं वाईट वाटलं, आणि हात माझा असल्याचं खरं वाटेना. बोटं हलव म्हटलं तर हलत नव्हती. हा आता असाच राहिला तर? ही भीती मी कुणाला बोललो नाही. संध्याकाळी अंगठा जरा हलला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे गुरुजी, गुडघा बदललेले, ते माझ्याआधी म्हणाले, "हलला हो हलला!" ते असे ओरडले की नर्सला वाटलं त्यांनाच काहीतरी झालं. त्या माणसाचं नाव मी विसरलो. ती आरोळी विसरलो नाही.

घरी आलो तो हात झोळीत बांधून. झोळी काढायची नाही, हात स्वतःहून हलवायचा नाही. कमलच अंघोळ घालायची, नाडी बांधायची, बसल्या बसल्या झोपायला पाठीमागं उशा लावायची. खांद्याच्या दुखण्यात माणूस आडवा होत नाही, हे आधी कुणी सांगत नाही. खुर्चीत किंवा उशांवर टेकून निजा. बरं पडतं.

एकदा सदऱ्याची गुंडी लावताना ती म्हणाली, "एक इचारू?"

"हं."

"शेषाभावजीचा पाय भाजला त्या दिशी सकाळी, तुमी खुंटीवरचा सदरा डाव्या हातानं काहून काढला व्हता?"

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलं न्हाई का? कळत न्हाई म्हणाले माणसाला!"

"मी डॉक्टरला न्हाई इचारलं," ती म्हणाली. "तुमाला इचारलं."

मी असा ओरडलो की शेजारची बाई दारात आली. कमलनं उरलेल्या गुंड्या लावल्या आणि आत गेली. त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्यात 'जेवता का' आणि 'दुखतं का' एवढंच बोलणं राहिलं. तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. एकाच घरात हे घेऊन कसं राहायचं, ते दोघांनाही कळत नव्हतं.

आणि रोज दारात मोटरसायकल वाजायची. "दादा, चल. मॅडम वाट बघतील."

आरसा

राठोड मॅडमनी पहिल्या दिवशी सदरा काढून आरशापुढं उभं केलं. "दोन्ही हात वर."

मी नेले. डावा सरळ गेला. उजवीकडं आधी खांदा उडी मारून कानापाशी आला आणि हात त्याच्यामागून फरफटत गेला. वर्षभर मी हा हात वापरत होतो, पण तो वर जाताना कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी माझ्या खांद्याच्या माथ्यावर बोट ठेवलं. "इथून मान खांद्याला आधी उचलते. तिला बसवा. ती बसलेली असताना जेवढा हात जाईल, तेवढा तुमचा."

बसवायलाच दम लागला. ती बसली तेव्हा हात बेंबीच्या जरा वर गेला आणि थांबला.

"एवढाच?"

"एवढाच काका. बाकीचा तुम्ही नव्हता उचलत."

घरी आल्यावर मला राग आला होता. कशाचा, ते सांगता येईना. इतके दिवस ज्या मानेनं हात चालवला तिलाच ही बाई गप बसवते. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडम, मग ते बाकीचे स्नायू वाईट का?"

"वाईट कसे? ते होते म्हणून तुम्ही जेवलात. पण त्यांनी अंदाजानं केलं, जमेल तसं ओढलं. म्हणून मान गेली. आता फाटलेल्याचं काम तेच करणार आहेत. फक्त कुणी किती उचलायचं, ते शिकवायचं."

म्हणजे आधी बंद करायचं आणि मग तेच करायला शिकवायचं. हे मला बरेच दिवस समजलं नाही. टेबलावर पंचा ठेवून त्यावर हात पुढं सरकवायचा. उताणं झोपून डाव्या हाताच्या आधारानं उजवा वर न्यायचा. पाठीचे फरे, म्हणजे खांद्यामागची पसरट हाडं, मागं आणि खाली ओढायचे, जसे ते मागच्या खिशात घालायचे आहेत. एक दिवस हात छातीपर्यंत जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पोटापाशी. का, विचारलं तर मॅडम म्हणायच्या, "असंच असतं." कुठली दुख चांगली आणि कुठली वाईट, हेही मला ओळखू येत नव्हतं. व्यायामानंतर थोड्या वेळात विरते ती चालेल, दुसऱ्या सकाळीही राहते ती नाही, एवढं मोजमाप त्यांनी दिलं. ते मला उपयोगी पडलं, तुम्हालाही पडेल.

शेषा दाराशी बाकावर बसायचा. एकदा मॅडम त्याला म्हणाल्या, "भाऊ, जरा चप्पल काढून चाला बरं."

"मला काय झालं? मी ड्रायव्हर हाय."

"चाला तरी."

तो चालला.

"गुडघा दुखतो ना?"

"दुखतो. थंडीनं."

"थंडीनं नाही. पाऊल टेकत नाही तुम्ही, म्हणून गुडघा ओढतोय. उद्यापासून तुमचाही व्यायाम."

शेषा खदखदून हसला. "दादा, दोघं मिळून एक धड गडी व्हईना रे आपला!"

मॅडमही हसल्या. मला सदऱ्यात हात घालायचा होता, तो मी कितीतरी वेळ घालत राहिलो.

ओली हळद

मकरसंक्रांत झाली. हळदीचा पाला वाळायला लागला. माझा हात मान न उठवता छातीच्या वर जाऊ लागला होता, आणि घरात जरा बरं वातावरण होतं. तेव्हा मीरा आली, शेषाची बायको. दारातच उभी राहिली.

"दादा, तुमी सांगा त्यायला. तुमचं ऐकतात. सगळी हळद ओलीच इकून टाकतो म्हनून राहिले."

"काहून?"

"शिजवणार न्हाई म्हनतात. पुढच्या साली रान बी दुसऱ्याला लावून देतो म्हनतात. माझ्या हातावर माझा भरवसा न्हाई, कुणाला तरी मारीन, असं." तिनं पदर तोंडाला लावला. "परवा दूध तापवाय ठिवलं तर गॅसपाशी उभे राहीनात, दादा. म्हनले, तूच उतरव."

कमल आतून माझ्याकडं बघत होती.

मी पायताण घातलं आणि त्याच्या रानात चालत गेलो. शेषा बांधावर बसून एक गड्डा उकरून बघत होता. नखानं साल काढून वास घेत होता. वास घ्यायची सवय गेली नव्हती.

"ओली इकू नको," मी म्हणालो.

"मंग शिजवणार कोन? तुझा हात असा."

"तू."

"मी न्हाई." तो गड्ड्याची माती झाडत राहिला.

"शेषा, त्या दिशी कडी माझ्या हातून सुटली."

"आरं तुला कळलं नसंल दादा, डॉक्टर म्हनला न..."

"कळलं व्हतं. सकाळीच. खुंटीवरचा सदरा निघत नव्हता. पहिल्या ड्रमला बी निसटली व्हती, मी पोट लावून धरला. मला माहीत व्हतं, शेषा. माहीत असून उभा राहिलो."

तो थांबला. "मंग म्या लवकर सोडलं न्हाई?"

"न्हाई. तू धरून व्हतास. म्हणून तर पाय भाजला. सोडलं असतंस तर बाजूला झाला असतास."

त्यानं डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल वळवून पाहिलं. मग म्हणाला, "पर मला तर सोडल्यालं आठवतंय, दादा. डोळ्यापुढं दिसतंय. हात मोकळा झाल्याला."

खळ्यावर मी तेव्हा गप्प बसलो आणि गाव त्याचीच चूक सांगत राहिलं, त्यातून त्याला ते दिसायला लागलं असेल. आधी कानाला, मग डोळ्यांना.

"तसं झालं न्हाई," मी म्हणालो. "मी बघितलंय."

"काहून बोलला न्हाईस?"

"लोक व्हते. आन तू घाईचा. सगळ्यांला पटलं."

"मला बी पटलं," शेषा म्हणाला.

त्यानं गड्डा परत मातीत ठेवला, वर माती लोटली.

"जा घरी."

मी उठलो. थोडा पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "चालत आलास?"

"व्हय."

मोटरसायकल बांधाला लावलेली होती. तो उठला नाही. मी चालत आलो.

घरी कमलला सांगितलं. ती म्हणाली, "आज निम्मं झालं." आणि भाकरी वाढली.

आज

वसमतला आता मी एसटीनं जातो. मान बसवून हात डोळ्याच्या रेषेपर्यंत जातो. त्यावर जाणार नाही, असं मॅडम म्हणतात. खुंटीवरचा सदरा डाव्या हातानंच निघेल. ज्यांचा खांदा दुखतो त्यांना माझं सांगणं एवढंच: हात वर जातो म्हणून तो धड आहे असं धरू नका. सदरा काढून आरशापुढं उभे राहा आणि हात वर जाताना दुसरं काय काय हलतंय ते बघा. आणि डॉक्टरला तारीख खरी सांगा. मी खोटी सांगितली. फोटोत खरी निघाली, पण दुखणं लपवण्यात जे महिने गेले त्यात एक टोक आत सरकत राहिलं.

त्या दिवशी हात सुटला की मी सोडला, हे मला अजून नक्की कळत नाही. कधी वाटतं स्नायूनं दगा दिला, कधी वाटतं त्या एका क्षणी मीच कंटाळून ढील दिली. फोटोत ते दिसत नाही. शेषानं सोडली नव्हती, एवढं मात्र मला माहीत आहे.

शेषानं हळद ओली विकली नाही. परवा मीराकडून निरोप आला: कुकर धाडा. मी यावं की येऊ नये, त्यात काही नव्हतं. मी कुकर धाडला. कड्यांना नवीन कापड गुंडाळून.

त्या वर्षी माझ्या हळदीला शेषा आला, त्याच्या हळदीला मी गेलो नाही. वारंगुळ्याचे ते दिवस माझ्याकडं बाकी आहेत. जाळ घालायला, बारदाना भिजवायला डावा हात चालतो; त्यानं येऊ दिलं तर. आणि खळ्यावर त्या दिवशी जी माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगायचं आहे, की कडी माझ्या हातून सुटली, शेषाच्या नाही. त्यातले बहुतेक हे वाचणार नाहीत. म्हणून लिहून ते फिटलं, असं मी धरत नाही. दोन्ही बाकी आहे.